पणजीचं माहेर, पान सत्त्याऐंशी

४ फेब्रुवारी

दादा,

वरती ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. तेव्हा नुसता दादा.

एकोणीस वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून वाटलं, वहिनी गेली की काय. आत एक छापील कागद आणि त्यावर पेन्सिलीने केलेली फुली, ‘इथे सही कर’. मी कशी आहे, जिवंत आहे का, याची एका ओळीने चौकशी नाही. बरं झालं. चौकशी केली असतीस तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मला समजलं ते असं. वखारवाल्यांनी काढलेल्या शाळेच्या मंडळावर एक खुर्ची संस्थापकाच्या वंशजासाठी राखून ठेवलेली आहे. वखारवाल्यांच्या नावाचं आता कुणी उरलेलं नाही. तुझं म्हणणं की आपली पणजी ही संस्थापकाची मुलगी, म्हणून खुर्ची तुझी. एप्रिलमध्ये मंडळापुढे सुनावणी आहे, आणि ‘पणजीचं माहेर वखारवाल्यांचं हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे’ या वाक्याखाली तुला माझी सही हवी आहे.

मला असलं काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तू लहानपणापासून हे सांगत आला आहेस. दोन्हींत फरक आहे, आणि तू विमा कंपनीत तीस वर्षं लोकांकडून कागद मागण्यात घालवलीस, तेव्हा तो तुला मी शिकवायला नको.

तुझे पुरावे बघू. पहिला, पणजीच्या पेटीतली चादर. कोपऱ्यात लाल दोऱ्याने एकवीस आकडा भरलाय, आणि एकवीस ही लॉन्ड्रीत वखारवाल्यांच्या घराची खूण होती. कबूल. पण लॉन्ड्रीची खूण म्हणजे चादर कुणाच्या घरून धुवायला आली होती, एवढंच. ती पणजीच्या पेटीत कशी आली हे चादर सांगत नाही. न्यायला कुणी न आलेले कपडे लॉन्ड्रीवाले कामावरच्या मुलींना देऊन टाकत. समज, पणजी लॉन्ड्रीत कामाला असती, तरी तिच्याकडे हीच चादर निघाली असती.

दुसरा पुरावा, आत्या. आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे आणि समोरच्याला जे ऐकायचं असतं ते सांगते. पेढे घेऊन गेलास की वखारवाले, नाही नेलेस की तिला आठवत नाही.

कागद सही न करता परत पाठवते आहे. पेन्सिलीची फुली मी खोडून टाकली आहे.

— तुझी बहीण (ही नोंद तरी अजून फिरवलेली नाहीस ना?)


१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ‘जुन्या गोष्टी उकरून काढू नकोस.’ अरे, तूच तर सव्वाशे वर्षांपूर्वीची बाई उकरून काढतो आहेस. मी फक्त कुदळ धरायला नाही म्हटलं.

मी काल आत्याकडे गेले होते. हात हलवत गेले, मुद्दाम. तिने पहिल्यांदा मला ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि म्हणाली, “पुस्तकं शिवणारी ना तू? अजून एकटीच?” मी म्हटलं, “हो, एकटीच. दादाची कृपा.” तिला सगळं माहीत आहे.

मग मी विचारलं, “आत्या, तुझ्या आजीचं माहेर कुठलं?”

“वखारवाल्यांचं. तुझ्या दादाने लिहून नेलंय माझ्याकडून.”

“त्याने नेलं ते राहू दे. तुझी आजी स्वतः काय सांगायची?”

आत्याने खिडकीतून खालच्या सायकलींकडे बघितलं. मग म्हणाली, “काही नाही सांगायची. माहेर विचारलं की भांडी आपटायची. एकदा मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, माझ्या लग्नात मला ज्यांनी उभं केलं ते माझं माहेर. आणि तिच्या लग्नात तिला लॉन्ड्रीवाल्यांनी उभं केलं. आमच्या घरी कपडे धुवायला दुसरीकडे कधी दिलेच नाहीत. लॉन्ड्रीवाला यायचा तेव्हा आजी त्याला मामा म्हणायला लावायची आम्हाला.”

“हे तू दादाला सांगितलंस?”

“सांगितलं. तो म्हणाला, हे नको, ते सांग.”

तर दादा, साक्षीदाराची अर्धी साक्ष तू खिशात घातलीस आणि अर्धी कागदावर आणलीस. आत्याच्या तोंडून मी सगळी लिहून घेतली आणि तिची सही घेतली. शेजारची नर्स साक्षीदार आहे.

आता वजन कर. वखारवाल्यांच्या बाजूला एक चादर. लॉन्ड्रीवाल्यांच्या बाजूला एक मामा. मला विचारशील तर माणूस चादरीपेक्षा जड असतो.

लॉन्ड्रीवाले म्हटल्यावर तू नाक मुरडलं असशील. मुरड.


३ मार्च

दादा,

आज सगळं सांगते, कारण आज मला फार बरं वाटतं आहे. एकोणीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुला माझा धंदा कधी नीट कळला नाही. तू लोकांना ‘बहीण प्रेसमध्ये असते’ असं सांगायचास. मी प्रेसमध्ये नसते. माझी स्वतःची खोली आहे, दोन टेबलं, एक दाबयंत्र, खिडकीला उत्तरेचा उजेड. ज्यांच्याकडे मी बांधणी शिकले ते उस्ताद गेल्यापासून नोंदणी कचेरीची जुनी रजिस्टरं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. पाठ सुटलेली, दोरा कुजलेला, कोपरे वाळवीने खाल्लेले. गेल्या महिन्यात अकरा आली. त्यातलं सातवं लग्नांचं होतं, पणजीच्या वर्षाचं.

रजिस्टर खोलीवर आणण्याआधी मी कचेरीतच पानं मोजते, तिथल्या कारकुनासमोर, आणि आकडा दोघं सही करून लिहितो. ही उस्तादांची शिस्त. त्यांनी अकरा वर्षांपूर्वी हेच रजिस्टर शिवलं होतं आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलं होतं, ‘पानं एकशे ब्याण्णव, पूर्ण.’ आम्ही मोजली तर एकशे एक्याण्णव. पान सत्त्याऐंशी नाही. कारकुनाने तीनदा मोजलं, घाम पुसला, पुन्हा मोजलं.

पान कापलेलं नाही, फाडलेलं आहे. पट्टी लावून, घाईने, खालच्या बाजूला पट्टी सरकली आहे. शिवणीत अर्ध्या बोटाची चिंधी राहिली आहे. रजिस्टरचा कागद चहासारखा तांबूस झाला आहे आणि त्या चिंधीची कड पांढरीशुभ्र आहे. म्हणजे फाडून वर्षही झालेलं नाही.

रजिस्टर कुणाकुणाला बघायला दिलं त्याची चिठ्ठी पहिल्या पुठ्ठ्याला चिकटवलेली असते. अकरा वर्षांत एकच सही आहे. गेल्या वर्षी, ऑक्टोबरात. तुझ्या सहीचा तो शेवटचा झोकदार फराटा कारकुनालाही आवडला.

मी विचार केला, दादाने पान कशाला फाडावं? त्याच्या बाजूचं असतं तर त्याने त्याची फ्रेम करून घेतली असती.

आता धंद्यातली एक गोष्ट ऐक. त्या काळची शाई लोखंडाची असायची. पुस्तक मिटून शंभर वर्षं ठेवलं की पानावरची अक्षरं समोरच्या पानावर उमटतात, फिकट आणि उलटी. तू पान नेलंस, पण त्याची सावली शहाऐंशीच्या पाठीवर, म्हणजे त्या पानाच्या मागच्या बाजूवर, राहिली. त्या कचेरीत पाठ कोरी ठेवायची पद्धत होती, त्यामुळे वाचायला काहीच त्रास पडला नाही. आरसा धरला आणि वाचलं. वधूचं नाव पणजीचं. वराचं नाव पणजोबांचं. आणि वधूचं लग्नाआधीचं आडनाव, दादा, लॉन्ड्रीवाल्यांचं.

मी आरसा खाली ठेवला आणि हसत सुटले. बाजूच्या चावी बनवणाऱ्याने भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं म्हणून.

लॉन्ड्रीवाल्यांचं. ज्या घरात मी गेले तर आपल्या घराण्याचं नाक कापलं जाईल म्हणून तू माझा केसाने गळा कापलास, त्या घरातून आपली पणजी आली. त्यांचा थोरला, ज्याला सगळे खळ्या म्हणायचे, त्याच्या हाताला कपड्यांच्या खळीचा वास यायचा हे तुझं मुख्य दुखणं होतं. अरे, माझ्याही हाताला खळीचाच वास येतो, मी त्यानेच पुस्तकं चिकटवते. आम्ही दोघं यावरून हसायचो. तू माझं अक्षर गिरवून त्याला पत्र लिहिलंस, की धोब्याच्या घरात नांदण्यापेक्षा मी विहीर जवळ करीन, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो स्वाभिमानी माणूस. त्याने तोंड दाखवलं नाही. मला वाटलं त्यानेच टाकलं. दोन वर्षांनी बाजारात भेटला तेव्हा त्याने ते पत्र पाकिटातून काढून मला दिलं. कडेवर त्याची मुलगी होती. मी पत्र वाचलं आणि म्हटलं, अक्षर छान जमलंय दादाला. तो तिथेच रस्त्यात खाली बसला.

त्या दिवशी मी तुझ्या घरातून बाहेर पडले, आणि तू सगळ्यांना सांगितलंस की माझं डोकं फिरलं आहे.

आता माझ्याकडे रजिस्टर आहे, आरसा आहे आणि तुझी सही आहे. सुनावणीला मी येणार आहे, पुढच्या रांगेत बसणार आहे.


११ मार्च

दादा,

काल तू खोलीवर आलास ते बरं झालं. तोंडी बोलणं तू नंतर फिरवतोस, म्हणून काय झालं ते लिहून ठेवते.

तू दार न वाजवता आत आलास. केस पांढरे झालेत तुझे, आणि गुडघा दुखतो असं दिसतं. मला वाईट वाटलं नाही. वाटेल असं मला वाटलं होतं.

तू म्हणालास, “चिमणे, किती दिवस हे चालवणार?”

एकोणीस वर्षांनी चिमणे. मी म्हटलं, “सहा एप्रिलपर्यंत.”

मग तू टेबलावरचं रजिस्टर बघितलंस आणि म्हणालास, “पान मी फाडलं हे कशावरून? रजिस्टर तुझ्याकडे आहे. तुझ्याकडे सुरी आहे, पट्टी आहे. मंडळ कुणावर विश्वास ठेवेल? चांगल्या घरच्या माणसावर की घर सोडून गेलेल्या बाईवर?”

हे तू बोललास तेव्हा रजिस्टरांचं काम बघायला आलेला कारकून पडद्यामागे चहा गाळत होता. तो कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “साहेब, रजिस्टर यांच्या खोलीत यायच्या आधी पानं आम्ही कचेरीत मोजली. माझ्या टेबलावर. साहेब, साखर किती?”

तुझा चेहरा पडला तो मी डोळे भरून बघितला. तू साखर सांगितली नाहीस. दारात थांबून म्हणालास, “सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं त्याने काय फरक पडतो? लोकांना मी माहीत आहे.” आणि मग हळूच, “नातवाला सांगून बसलोय मी, की शाळेच्या हॉलमध्ये माझा फोटो लागणार.”

नातवाचं ऐकून मला क्षणभर कसंतरी झालं, हे कबूल करते. मग मला खळ्या रस्त्यात बसलेला आठवला, आणि ते गेलं.


२२ मार्च

दादा,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. चार दिवस मी टेबलाभोवती फेऱ्या मारते आहे.

तू गेल्यावर मला चैन पडेना. ऑक्टोबरात तू पान बघितलंस, लॉन्ड्रीवाल्यांचं आडनाव वाचलंस, फाडलंस. इथपर्यंत जुळतं. पण आत्या म्हणाली होती, ‘लग्नात ज्यांनी उभं केलं ते’. लॉन्ड्रीवाल्याला मामा म्हणायला लावायची. स्वतःच्या बापाला, भावाला नातवंडांनी मामा कशाला म्हणावं? भाऊ असता तर त्या मुलांचा तो आजाच्या पिढीतला झाला असता. मामा हे प्रेमाने दिलेलं नाव होतं, नात्याने आलेलं नव्हतं. हे मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. तू आत्याची अर्धी साक्ष ठेवलीस, मी उरलेली अर्धी.

मग कारकुनाला विचारलं, त्या काळी आडनावाच्या रकान्यात काय लिहायचे. तो म्हणाला, मुलीचे आईवडील हजर नसले तर ज्या घराने मुलगी उभी केली त्या घराचं आडनाव घालायचे. आणि नंतर कुणी हरकत घेतली तर? त्याने सहज सांगितलं, “खाडाखोड करायची नाही असा नियम होता. दुरुस्ती त्याच पानाच्या पाठीवर.”

पानाच्या पाठीवर, दादा. सत्त्याऐंशीच्या पाठीची सावली अठ्ठ्याऐंशीवर पडते. तिथे दुसरं लग्न लिहिलेलं आहे, त्यामुळे उलटी अक्षरं त्या ओळींत मिसळून गेली आहेत. मी चार दिवस सकाळच्या तिरक्या उजेडात एकेक अक्षर उचललं. असं आहे: ‘लग्नानंतर तेविसाव्या दिवशी वधूचे वडील, लाकडाचे व्यापारी, स्वतः येऊन सांगतात की मुलगी आमची आहे. आमच्या संमतीशिवाय आठ महिने लॉन्ड्रीवाल्यांकडे राहून तिने लग्न केले. तथापि त्यांचे आडनाव आमच्या मुलीपुढे राहू नये.’ खाली वखारवाल्याची सही.

तुझंच बरोबर होतं. पणजी वखारवाल्यांची. बापाने घराबाहेर काढली, परक्या माणसांनी आठ महिने जेवू घातली आणि लग्नात उभी केली, आणि बाप आला तो फक्त त्यांचं नाव पुसायला.

आणि तू काय केलंस? पान उलटून बघितलं नाहीस. तीस वर्षं लोकांना ‘कृपया मागे पाहावे’ असं छापलेले फॉर्म भरायला लावलेस, आणि स्वतः मागे पाहिलं नाहीस. ‘लॉन्ड्री’ दिसलं आणि पट्टी लावलीस. तुझ्या खुर्चीचा जगातला एकमेव पुरावा तू स्वतःच्या हाताने फाडलास.

आता माझं ऐक. रबर माझ्या हातात होतं. मऊ रबर, मळ काढायचं. दहा मिनिटांत अठ्ठ्याऐंशीवरची सावली गेली असती आणि पणजी कायमची लॉन्ड्रीवाल्यांची राहिली असती. पणजीला ते आवडलं असतं, अशी मी स्वतःची समजूतही घातली. रबर टेकवलं. मग मला दिसलं की माझा हात तू पट्टी धरली असशील तसा धरलेला आहे. मी रबर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि तोंड धुऊन आले.

काल कचेरीला अहवाल दिला. दोन्ही सावल्या, दोन्हींचे फोटो, वाचन, फाटलेली कड, उस्तादांची नोंद, बघणाऱ्यांची चिठ्ठी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्यात तुझा वंश सिद्ध होतो, आणि त्याच कागदात पान कुणी बघितलं तेही आहे. एक हवं असेल तर दुसरंही घ्यावं लागेल. अर्ज मागे घेतलास तर अहवाल कुणी वाचणार नाही. सुनावणीला गेलास तर कचेरी तो मंडळापुढे ठेवील आणि सगळे वाचतील.

मी तुला ओळखते. तू जाशील.


७ एप्रिल

दादा,

तू गेलासच. नवीन कोट शिवलास त्यासाठी.

तू तिथे होतास तरी लिहिते, कारण तू घरी वेगळं सांगितलं असशील. अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला. मला आरसा धरून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. त्या म्हणाल्या, “नातं स्पष्ट आहे. अर्जदार संस्थापकाचे वंशज आहेत.” तू माझ्याकडे बघून मान उंच केलीस. मी काही बोलले नाही. मग त्यांनी चष्मा काढून अगदी साधेपणाने विचारलं, “पण मग पान कुठे आहे?”

तू पाणी प्यायलास. आणि म्हणालास, “मला वाटलं, ते आपल्या विरुद्ध आहे.”

खोलीत चौदा माणसं होती. मी मोजली. वहिनी खाली बघत होती. चिटणीसाने लिहायचं थांबवलं, मग तुझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मी एकोणीस वर्षं या घटकेची वाट बघितली, आणि आली तेव्हा ती तूच स्वतःच्या तोंडाने आणलीस. मला फक्त आरसा धरावा लागला. खोटं सांगणार नाही, गोड लागलं. घरी येऊन पोटभर जेवले.

निकाल तू ऐकून गेला नाहीस. वंश मान्य, अर्जदार अमान्य. पानाबद्दल कचेरी काय ते करील, त्यात मी नाही.

तू गेल्यावर सगळे उठायला लागले, तेव्हा चिटणीसाने विचारलं, “या वंशातलं आणखी कुणी आहे का?” कचेरीतर्फे आलेल्या कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुम्ही बहीण का त्यांच्या? मग तुम्ही अर्ज का नाही केलात?” खरं सांगते, मला कधी सुचलंच नव्हतं. पणजी तुझी आहे हे तू इतकी वर्षं सांगितलंस, की ती माझीही आहे हे मीच विसरले होते.

फॉर्म तिथेच भरला. दोन पानी आहे. मी दोन्ही बाजू बघितल्या. स्त्री अर्जदारांसाठी एक वेगळा रकाना आहे: ‘विवाहित असल्यास लग्नाआधीचं आडनाव, आणि त्याचा पुरावा.’ चिटणीस म्हणाला, “बाई, इथेच सगळ्यांचं अडतं. वर्ष वर्ष कागद शोधतात बिचाऱ्या.”

माझं काहीच अडलं नाही, दादा. ती सोय तू करून ठेवली होतीस. मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि सही केली.

— चिमणी